अस्थी, फळ आणि बी : 'अस्त्रागालोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ आणि दापोली परिसरातील सागरगोटे

प्रस्तावना

प्राचीन ग्रीक भाषेतील 'अस्त्रागालोस' हा शब्द मुळात एका लहानशा हाडाचे नाव आहे. शेळी, मेंढी, गाय यांसारख्या द्विखुरी प्राण्यांच्या मागच्या पायात, घोट्याच्या सांध्यात असणारे हे हाड मुठीत सहज मावते. या शब्दाचा अर्थ मात्र शरीरशास्त्रापुरता राहिला नाही. खेळ, जुगार, भविष्यकथन, वास्तुकला आणि वनस्पतिशास्त्र एवढ्या क्षेत्रांत तो पसरला. एका क्षुल्लक अस्थीच्या नावाला एवढा विस्तार का लाभला, हा प्रश्न सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थविस्ताराचा मागोवा घेऊन त्याच्या शेजारी कोकणातील, विशेषतः दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवरील, सागरगोट्यांच्या खेळाचा विचार केला आहे. ग्रीक मुली ज्या प्रकारचा खेळ हाडांनी खेळत, त्याच प्रकारचा खेळ कोकणातील मुली एका काटेरी वेलीच्या बियांनी खेळत आल्या आहेत. पहिल्या खेळाचा इतिहास लिहिला गेला आहे. दुसऱ्याचा जवळजवळ लिहिलेला नाही. हा फरक खेळांच्या महत्त्वातील नसून पुराव्याच्या स्वरूपातील आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ आणि प्राथमिक अर्थ

'अस्त्रागालोस' या शब्दाचा संबंध सामान्यतः 'ओस्तेओन' म्हणजे हाड या ग्रीक शब्दाशी जोडला जातो. 'ओस्तेओन' आणि संस्कृत 'अस्थि' हे एकाच मूळ धातूपासून आलेले सगोत्र शब्द आहेत, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. 'अस्त्रागालोस'च्या व्युत्पत्तीबाबत मात्र एकमत नाही. त्याची घडण पाहता तो ग्रीकपूर्व स्थानिक भाषेतून आला असावा, असेही काही अभ्यासकांनी मांडले आहे.

होमरच्या काव्यांत हा शब्द दोन अर्थांनी येतो. 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात एल्पेनोर नावाचा तरुण सर्सीच्या घराच्या छतावरून पडतो आणि त्याची मान मोडते. तेथे हा शब्द मानेच्या मणक्यांसाठी योजला आहे. 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात मृत पॅट्रोक्लसचा आत्मा अकिलीजला आपल्या बालपणाची आठवण करून देतो. या खेळाच्या भांडणात रागाच्या भरात त्याच्या हातून एका मुलाची हत्या झाली होती आणि त्यामुळेच त्याला घर सोडून अकिलीजच्या पित्याच्या आश्रयाला यावे लागले होते. म्हणजे उपलब्ध ग्रीक वाङ्मयाच्या आरंभकाळातच हा शब्द शरीरातील अवयव आणि खेळाचे साधन अशा दोन्ही अंगांनी रूढ झालेला दिसतो.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात या अस्थीचा विचार केला आहे. द्विखुरी प्राण्यांच्या मागच्या पायांत अस्त्रागालोस असतो, अनेक बोटे असणाऱ्या प्राण्यांत आणि मनुष्यात तसा तो आढळत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. आधुनिक शरीरशास्त्राच्या दृष्टीने मनुष्याच्या घोट्यातही तीच अस्थी आहे. ॲरिस्टॉटलच्या विधानाचा अर्थ लावताना हे लक्षात घ्यावे लागते की, त्याच्या भाषेत 'अस्त्रागालोस' म्हणजे विशिष्ट आकाराचे, जमिनीवर टाकले असता ठरावीक बाजूंवर बसणारे हाड. खेळातील उपयोगाने शब्दाचा अर्थ इतका निश्चित केला होता की, शास्त्रीय निरीक्षणावरही त्याची छाया पडली. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने मनुष्याच्या घोट्यातील अस्थीलाही हेच नाव वापरले आणि वैद्यकाच्या परिभाषेत ते स्थिरावले.

खेळ, दान आणि कौल

या हाडाला सहा बाजू असल्या तरी दोन टोके गोलसर असल्याने ते चारच बाजूंवर स्थिर राहते. या चार बाजूंना १, ३, ४ आणि ६ अशी मूल्ये होती. २ आणि ५ हे अंक या हाडात नाहीत. सहा बाजूंच्या चौकोनी फाशाला ग्रीकमध्ये 'कीबोस' असे स्वतंत्र नाव होते. अस्त्रागालोस साधारणतः चारच्या संख्येने टाकले जात. चारही हाडे वेगवेगळ्या बाजूंवर पडली तर ते सर्वोत्तम दान; त्याला ॲफ्रोडाइटी या देवतेचे नाव होते. चारही हाडांवर १ पडला तर ते सर्वात वाईट दान. त्याला 'कुत्रा' म्हणत.

हिरोडोटसने लिडियन लोकांचा एक दावा नोंदविला आहे. अठरा वर्षांच्या दुष्काळात भूक विसरण्यासाठी त्यांनी फासे, अस्त्रागालोस आणि चेंडू यांचे खेळ शोधून काढले. एक दिवस खेळायचे आणि एक दिवस जेवायचे, असा त्यांचा क्रम होता. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नसली तरी खेळाच्या उत्पत्तीविषयी ग्रीकांना कुतूहल होते, हे तीवरून स्पष्ट होते. प्लेटोच्या 'लायसिस' या संवादात सणाच्या दिवशी यज्ञविधी आटोपल्यावर मुले या हाडांनी खेळताना दिसतात. आस्क्लेपियाडीज या कवीच्या एका लघुकाव्यात कॉनारस नावाच्या मुलाला सुंदर हस्ताक्षराबद्दल ऐंशी अस्त्रागालोस बक्षीस मिळाल्याचा उल्लेख आहे. विद्यार्थ्याला बक्षीस म्हणून हाडे द्यावीत, ही गोष्ट आज विलक्षण वाटते; परंतु त्या मुलाच्या दृष्टीने तो मोठाच ठेवा होता.

या हाडांचा उपयोग देवाचा कौल घेण्यासाठीही होई. पॉसेनियस या प्रवासवर्णनकाराने अकाया प्रांतातील बुरा गावाजवळच्या हेराक्लीजच्या गुहेचे वर्णन केले आहे. भाविक प्रार्थना करून चार अस्त्रागालोस टाकीत आणि पडलेल्या दानाचा अर्थ तेथील फलकावर पाहत. आशिया मायनरच्या दक्षिण भागात पाच अस्त्रागालोसांच्या ५६ दानांचे अर्थ कोरलेले शिलालेख सापडले आहेत. डेल्फीजवळच्या कोरिशियन गुहेतील उत्खननात अशी वीस हजारांहून अधिक हाडे मिळाली. वास्तुकलेत मण्यांच्या माळेसारख्या नक्षीपट्टीला हे नाव मिळाले आणि व्हिट्रुव्हियसने ते वापरले. डायोस्कोरिडीजने एका वनस्पतीसाठी योजलेले हे नाव १७५३ मध्ये लिनियसने एका वनस्पतिवंशाला दिले.

स्त्रियांचा खेळ : 'पेंतेलिथा'

वरील सर्व उपयोगांत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा उपयोग वेगळाच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील कोशकार पॉलक्स याने 'पेंतेलिथा' नावाच्या खेळाची माहिती दिली आहे. पाच खडे किंवा अस्त्रागालोस वर फेकून, हात उलटा करून ते हाताच्या पाठीवर झेलायचे. जे खाली पडतील ते पाठीवरचे न सांडता बोटांनी उचलायचे. हा खेळ मुख्यतः स्त्रियांचा आहे, असे पॉलक्स स्पष्टपणे नोंदवितो. येथे दान, मूल्य किंवा पैज यांचा संबंध नाही. हाताचे कौशल्य एवढेच या खेळाचे भांडवल.

या नोंदीला दृश्य पुराव्याची जोड आहे. हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या संगमरवरी फलकावरील चित्रात स्त्रिया हा खेळ खेळताना दाखविल्या आहेत. ब्रिटिश म्युझियममधील भाजक्या मातीच्या एका शिल्पात दोन तरुणी समोरासमोर बसून खेळत आहेत. ग्रीक मुलींचे बालपण अशा रीतीने शब्द, चित्र, शिल्प आणि प्रत्यक्ष हाडे या चारही प्रकारच्या साधनांतून अभ्यासकांपुढे उभे राहते.

पॉलक्सच्या नोंदीतील आणखी एक बाब लक्षणीय आहे. खेळ हाडांनी खेळला जात असला तरी त्याचे नाव 'पंचखडे' असे आहे. म्हणजे नाव साधनाच्या द्रव्यावरून न ठरता खेळाच्या कृतीला चिकटून राहिले आहे.

भारतीय परंपरेतील 'अक्ष'

भारतीय परंपरेत याच प्रक्रियेचे दुसरे उदाहरण 'अक्ष' या शब्दात मिळते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जुगाऱ्याची व्यथा आली आहे. तेथील अक्ष म्हणजे विभीदक वृक्षाची फळे होत. विभीदक म्हणजे आजचा बेहडा. सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या जंगलांत तो आजही आढळतो. महाभारतातील नलोपाख्यानात नलाच्या शरीरातून बाहेर पडलेला कली याच वृक्षात शिरतो. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगांची नावे मुळात दानांची नावे होती. सर्वोत्तम दानाला देवतेचे आणि निकृष्ट दानाला कुत्र्याचे नाव देणारी ग्रीक परंपरा, तसेच कृत आणि कली यांची भारतीय परंपरा यांत कल्पनेचे साम्य आहे; साधन मात्र एकीकडे हाड आणि दुसरीकडे फळ आहे.

पुढील काळात फळांची जागा हाडाच्या व हस्तिदंताच्या चौपैलू लांबट फाशांनी घेतली, तरी 'अक्ष' हे नाव टिकून राहिले. ग्रीकमध्ये हाडाचे नाव खेळाला मिळाले. भारतात फळाशी जोडलेले नाव हाडाच्या फाशाकडे आले. अस्थिगणनेची परंपरा भारतातही समृद्ध होती. चरकाने ३६० आणि सुश्रुताने ३०० अस्थी सांगितल्या आहेत. तथापि घोट्याचा वाचक असलेला 'गुल्फ' हा शब्द प्रामुख्याने शरीराच्या वर्णनातच राहिला. त्यातून खेळाची परिभाषा निर्माण झाली नाही.

द्यूताविषयी भारतीय ग्रंथांत विपुल सामग्री आहे. पाणिनीने अक्षक्रीडेत हरण्याचा अर्थ दाखविणाऱ्या शब्दांसाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. मनूने निर्जीव साधनांनी खेळायचे ते द्यूत आणि प्राण्यांच्या साहाय्याने खेळायचे ते समाह्वय असा भेद करून दोन्हींचा निषेध केला. कौटिल्याने त्यांवर द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेच्या पाच टक्के राजभाग ठरविला. ज्यांचे शालेय शिक्षण दापोलीत झाले त्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात व्यवहारपदांच्या विवेचनात द्यूत-समाह्वयाचा परामर्श घेतला आहे. बौद्ध परंपरेतील ब्रह्मजालसुत्तातही भिक्षूंनी टाळावयाच्या खेळांची यादी आहे. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे लेणी खोदून राहणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेला ती अपरिचित असण्याचे कारण नाही.

या सर्व उल्लेखांचे एक समान लक्षण आहे. खेळाची नोंद झाली ती एक तर निषेधासाठी किंवा करासाठी. जेथे पैज आहे, कलह आहे किंवा व्रतभंग आहे, तेथेच शास्त्रकारांचे लक्ष गेले. ज्या खेळात पैज नाही, हरल्यावर काही गमवायचे नाही आणि ज्याचे स्थान घराची ओटी आहे, तो खेळ या दृष्टीच्या कक्षेत येणे अवघड होते.

दापोली परिसरातील सागरगोटे

सागरगोटा हे गजगा नावाच्या काटेरी वेलीचे बी आहे. ही वेल समुद्रकिनाऱ्यालगतच्या झुडपांत आणि कुंपणांवर वाढते. काटेरी शेंगेत बहुधा एक किंवा दोन बिया असतात. त्या राखाडी, गुळगुळीत, अत्यंत कठीण आणि सुमारे दोन सेंटिमीटर आकाराच्या असतात. आयुर्वेदात ही वनस्पती लताकरंज, कुबेराक्ष अशा नावांनी ओळखली जाते आणि ज्वरावर तिचा उपयोग सांगितला आहे. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगतात आणि प्रवाहांबरोबर फार दूर जातात. युरोपच्या वायव्य किनाऱ्यांवरही त्या वाहत गेल्याच्या नोंदी आहेत. मराठी नावातील 'सागर' या पदाचा किनाऱ्याशी असलेला संबंध त्यामुळे स्वाभाविक वाटतो.

खेळाचे सर्वसाधारण स्वरूप परिचित आहे. मुली जमिनीवर गोल बसतात. एक सागरगोटा वर उडवून तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी सर्व एकदम, असा क्रम चढत जातो. काही ठिकाणी हाताच्या पाठीवर झेलण्याचा टप्पाही असतो. सागरगोटे न मिळाल्यास खडे किंवा चिंचोके घेतले जातात. 'गोटा' या शब्दाचा मूळ अर्थ गुळगुळीत दगड असा आहे. म्हणजे ग्रीक हाडांच्या खेळाला 'पंचखडे' म्हणत आणि कोकणात बीला 'सागराचा गोटा' म्हणतात. दोन्ही नावांत दगड आहे आणि दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष हातातली वस्तू दगड नाही.

हाडाऐवजी बी का, या प्रश्नाचे उत्तर परिसरात शोधावे लागते. दापोलीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट प्रदेशात मेंढपालन रुजले नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी धनगरांनीही प्रामुख्याने म्हशी पाळल्या. याउलट मेंढ्यांच्या कळपांवर जगणाऱ्या मंगोलियात घोट्याच्या हाडांचे खेळ आजही जिवंत असून त्यांपैकी नेम मारण्याच्या खेळाचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत समावेश झाला. कोकणात शेळ्या होत्या, हे खरे; तथापि अनेक घरांत हाड ही ओटीवर आणण्याची वस्तू मानली जात नसे. किनाऱ्यावर विनामूल्य मिळणारे, स्वच्छ आणि सुबक बी हाताशी असताना हाडाची गरजच नव्हती.

साम्य म्हणजे उसनवारी नव्हे

या साम्यावरून खेळ ग्रीकांकडून कोकणात आला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होऊ शकतो. त्याला एक वरवरचा आधारही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात चौलच्या दक्षिणेकडील बंदरांची नावे दिली आहेत. त्यांपैकी 'पालेपाटमाय' म्हणजे दापोली तालुक्यातील दाभोळ असावे, असे शॉफ यांनी १९१२ मधील आपल्या भाषांतरात सुचविले. हे स्थाननिर्णय अद्याप वादातीत नाहीत.

परंतु बंदराचे नाव ग्रीक ग्रंथात असणे आणि ओटीवरचा खेळ ग्रीकांकडून येणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट म्हणजे, व्यापारी जहाजांवरून येणारे पुरुष आणि गावातील घरांत खेळणाऱ्या मुली यांचा संपर्क गृहीत धरण्यास आधार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, खेळाचे नियमच भिन्न आहेत. पॉलक्सच्या वर्णनात पाठीवरचे सांभाळून पडलेले उचलायचे असतात. सागरगोट्यांत उडविलेला खाली येण्यापूर्वी उचलायचे असतात. तिसरी गोष्ट म्हणजे, खडे उडवून झेलण्याचे खेळ परस्परसंपर्क नसलेल्या अनेक प्रदेशांत आढळतात. लहान, कठीण, मुठीत मावणारी वस्तू मिळाली की, हात तिला उडवून पाहतो. ग्रीक शब्दाच्या अभ्यासाचा उपयोग उगमाचा दावा करण्यासाठी नसून तुलनेतून प्रश्न विचारण्यासाठी आहे.

पुराव्याचा असमतोल

तुलनेतून उभा राहणारा खरा प्रश्न असा की, एका खेळाला इतिहास आहे आणि दुसऱ्याला का नाही? हाड जमिनीत शतकानुशतके टिकते. ते देवळात अर्पण होते, मुलांच्या थडग्यांत ठेवले जाते आणि उत्खननात मोजले जाते. सागरगोटा कठीण असला तरी अखेर बी आहे. कोकणातील आम्ल, जांभ्याच्या दमट मातीत ते कुजते, रुजते किंवा वाहून जाते. समजा, एखादे बी सापडलेच, तरी ते खेळण्यातले की औषधातले की नुसते झाडावरून पडलेले, हे ठरविणे कठीण. ग्रंथांनी पैज नसलेल्या खेळाची फारशी दखल घेतली नाही. मातीने बी राखले नाही. राहिला तो शब्द आणि तो खेळणाऱ्या हातांची स्मृती.

म्हणूनच 'सागरगोटा' हा शब्द, त्यातील टप्प्यांची गावोगावची नावे, मोजणीचे उच्चार आणि झेल चुकल्यावर वापरले जाणारे शब्द ही कोकणातील स्त्रियांच्या इतिहासाची साधने आहेत. केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरूड, लाडघर, कोळथरे, दाभोळ या गावांतील वृद्ध स्त्रियांकडून ती नोंदविणे आजही शक्य आहे. मात्र ही साधने माणसांबरोबर नाहीशी होतात. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतल्यास ते अल्प खर्चात होण्यासारखे आहे.

निष्कर्ष

'अस्त्रागालोस' या शब्दाचा अर्थ केवळ 'घोट्याचे हाड' असा सांगणे अपुरे आहे. तो अर्थ हाडाच्या वापरातून घडला आणि ॲरिस्टॉटलच्या निरीक्षणापासून वास्तूच्या नक्षीपर्यंत पोहोचला. 'पेंतेलिथा', 'अक्ष' आणि 'सागरगोटा' या तीन शब्दांवरून असे दिसते की, खेळाच्या साधनाचे द्रव्य परिसर ठरवितो. नाव मात्र हाताच्या कृतीमागे जाते. दापोलीच्या किनाऱ्यावरील खेळ ग्रीसमधून आला, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि ग्रीक मुलींच्या खेळाला जो इतिहास लाभला, त्याच्या शेजारी ठेवल्यावरच कोकणातील मुलींच्या खेळाचे मौन ठळकपणे जाणवते. हे मौन त्या खेळाच्या क्षुद्रतेचे लक्षण नसून साधन टिकाऊ नसल्याचा आणि नोंद करणाऱ्यांच्या दृष्टीचा तो परिणाम आहे. पहिली उणीव भरून काढणे कोणाच्या हाती नाही. दुसरी भरून काढणे अभ्यासकांच्या हाती आहे.